पोटरीतला फूटवॉल

आमच्या घरचे देव तळहातावर मावायचे. अंघोळ झाली की माझे अज्जा, म्हणजे माझ्या वडिलांचे, अप्पांचे, वडील, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवत आणि पाठ ताठ करून बसत. त्यांच्या शेजारी, त्यांच्यासारखीच पाठ ताठ करून, मी. मला लिंगदीक्षा मिळून थोडेच दिवस झाले होते आणि त्या नवेपणाचा तोरा अंगात भरपूर होता. पूजेत बोलायचं नाही, हा घरचा कायदा. एका सकाळी तो मी मोडला. खिडकीतून आलेलं ऊन लिंगाच्या काळ्याभोर पाठीवर पडलं होतं आणि त्या उन्हाचा ठिपका थरथरत होता. मी श्वास रोखून पाहिलं, कोपर मांडीवर घट्ट टेकवून पाहिलं. ठिपका तरीही हलतच होता, अगदी बारीक, पण नेमाने. मला राहवलं नाही. “अज्जा, देव हलायलाय!” मी ओरडले. पिठाचा डबा घेऊन दारातून चाललेले अप्पा तिथेच थांबले. “गप बस की! पूजेत बोलायलीस?” अज्जांनी मात्र डोळेसुद्धा उघडले नाहीत. पूजा पुरी केली, लिंग डबीत ठेवलं, मग मला जवळ ओढून म्हणाले, “देव हलायलाय का हात हलायलाय, ते बघावं लागंल.”

त्यांनी ओल्या विभूतीची गुंजेएवढी गोळी केली, माझ्या मनगटावर अंगठ्याच्या खालच्या बाजूला चिकटवली आणि तिच्यात बेलाच्या पानाचं देठ उभं खोचलं. देठ मान डोलवू लागलं. टुक, टुक, टुक. “बग. देव डबीत गेला, तरी हे हलायलंयच.” मी विचारलं, मग हे कोण हलवायलंय? अज्जांनी बराच वेळ त्या देठाकडे पाहिलं आणि म्हणाले, “ते मला ठाव न्हाई.” मोठ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. आमच्याकडे मोठ्या माणसांना सगळं ठाऊक असायचं, आणि जे ठाऊक नसायचं ते विचारलं की रपाटा मिळायचा. पुढे मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात एखाद्या पोराने अडवलं की ‘मला ठाऊक नाही, बघू या’ असं म्हणताना माझी जीभ कधी अडखळली नाही, ती त्या देठामुळे.

औरादच्या बाजाराच्या रस्त्यावर आमची खानावळ होती. पुढे जेवणाऱ्यांच्या बसायच्या पट्ट्या, मधे चूल, मागे आम्ही. घराला घड्याळ नव्हतं, पण भाकरी थापण्याच्या आवाजावरून वेळ कळायची. सकाळी सावकाश थप थप, दुपारी बारा वाजता नुसता कडकडाट. ज्वारीच्या, पापुद्र्यासारख्या पातळ भाकरी भाजून, चुलीच्या कडेला उभ्या करून कडक केलेल्या. त्यांच्याबरोबर शेंगाची चटणी, करडईच्या तेलातलं भरलं वांगं, पुंडीची आंबट भाजी. पुंडी म्हणजे अंबाडी. पण आमच्याकडे अंबाडी म्हटलं की लोक दोरखंडच समजायचे. एका भाकरीसाठी लोक मराठीत भांडत, कन्नडात शिव्या देत आणि दख्खनीत समजूत काढत. या सगळ्याच्या मधोमध माझी आई, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, चुलीपुढे उभी असायची.

उभी, हे मुद्दाम सांगते. त्या काळी आमच्या भागात कुणाची चूल कमरेएवढ्या ओट्यावर नव्हती. सगळ्या बाया बसून थापायच्या. अव्वा दिवसाला दीडदोनशे भाकरी करायची, तिची कंबर धरायची, म्हणून अप्पांनी कुठूनतरी पाहून येऊन स्वतःच्या हातांनी उंच ओटा बांधला होता. त्यांना त्याचा कोण अभिमान! जेवायला आलेल्या पाहुण्याला हात धुवायच्या आधी ओटा दाखवला जायचा. अप्पा तापट, पण बायकोवर जीव असलेले. फक्त तो जीव विटांमध्ये आणि चुन्यामध्ये दिसायचा. ओटा झाल्यावर अव्वाची कंबर खरंच थांबली. आणि मग तिचा डावा पाय सुरू झाला.

ती कुणाला दाखवायची नाही. इरकल लुगड्याचा काठ पार जमिनीला टेकलेला असायचा. पण पोरीपासून आईचं काय लपतं? न्हाणीत मी पाहिलं होतं. गुडघ्याच्या मागून पोटरीवरून खाली निळ्या, वळवळीत, करंगळीएवढ्या जाड शिरा उतरलेल्या, मधे मधे गाठी, आणि घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी जांभळट काळी, चकचकीत. तिथे तिला खाज सुटायची. भाकरी तव्यावर टाकली की उजव्या पायाच्या टाचेने ती डावा घोटा घासायची. “काय झालंय गं अव्वा?” विचारलं तर म्हणायची, “वय झालंय.” तेव्हा ती तिशीचीसुद्धा नसेल.

शाळेत त्या वर्षी शरीराचा धडा आला. आमचे विज्ञानाचे सर मोठे हौशी. त्यांनी फळ्यावर माणूस काढला, लाल खडूने धमन्या, निळ्या खडूने शिरा. हृदय दाबतं, रक्त धमन्यांतून निघतं, बोटाच्या टोकापर्यंत बारीक होत होत केसाहून बारीक नळ्यांत शिरतं, आणि तिथून शिरांतून परत. देठ कोण हलवतं ते कळलं. हृदयाचा प्रत्येक दणका धमनीतून मनगटापर्यंत पोचतो, एवढी साधी गोष्ट! पण माझ्या डोक्यात दुसराच भुंगा शिरला. पायातलं रक्त वर कसं चढतं? पाणी कधी आपणहून वर जातं का? सर म्हणाले, “शिरांमध्ये झडपा असतात. रक्त वर जाऊ देतात, खाली येऊ देत नाहीत. आणि चालताना पोटरी आवळली की ती शीर पिळते, रक्त वर सरकतं.” मग त्यांनी स्वतःच्या दंडाला रुमाल बांधून ते दाखवायचा प्रयत्न केला, पण सरांचे हात गुबगुबीत, शिरांचा पत्ता नाही. वर्ग हसला. मी मात्र एक चांगला हात ओळखत होते.

अज्जांचे हात म्हणजे शिरांचा नकाशा. सारा जन्म शेतात गेलेला, अंगावर मांस म्हणून नाही. संध्याकाळी ते बाहेर दगडावर बसले होते तेव्हा मी त्यांच्याच पटक्याने त्यांचा दंड बांधला. “काय करायलीस गं? बळी द्यायलीस का काय?” म्हणाले, पण हात पुढे केला. हातावरच्या शिरा टरारून फुगल्या आणि त्यांच्यावर जागोजाग गाठी उमटल्या. गाठ म्हणजे झडप, असं सरांनी सांगितलं होतं. मी मनगटाजवळ एका शिरेवर बोट दाबून धरलं आणि दुसऱ्या बोटाने तिच्यातलं रक्त वर, गाठीच्या पलीकडे, निपटून नेलं. वरचं बोट उचललं. गाठीच्या वर शीर भरलेली आणि गाठीपासून माझ्या खालच्या बोटापर्यंत सपाट, रिकामी. वरून एक थेंब खाली येईना. मग मी खालचं बोट उचललं, आणि शीर खालून वर झर्रकन भरली.

अज्जा हसायचे थांबले. “पुन्यांदा कर.” मी केलं. “दुसरीवर कर.” केलं. मग त्यांनी स्वतःच्या बोटांनी करून पाहिलं, चार वेळा, पाच वेळा. अंधारायला आलं तरी आमचं चाललेलंच. शेवटी त्यांनी मांडीवर थाप मारली. “आगं, हा तर फूटवॉल!” आमच्या विहिरीवर तेव्हा नुकतंच तेलावर चालणारं इंजिन बसवलं होतं. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या बुडाला एक झडप असायची. पाणी वर जाऊ द्यायची, इंजिन थांबलं तरी खाली पडू द्यायची नाही. तिच्यात काडी अडकली, चामड्याची वादी झिजली, की सगळं पाणी भडाभडा परत विहिरीत. अज्जांची निम्मी उमेद त्या फूटवॉलपायी गेली होती, त्यामुळे त्यांना झडप म्हणजे काय हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “आन मग तुज्या अव्वाचा पाय?”

म्हणजे त्यांनीही पाहिलं होतं! मला धक्काच बसला. कारण अज्जा आणि अव्वा एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. सासऱ्यासमोर, म्हणजे मामांसमोर, सुनेने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, बाजेवर बसायचं नाही, आवाज काढायचा नाही. दोघं दोन हातांवर असली तरी मधे मी लागायचे. “मामांना इचार, भाकरी वाढू का.” “तिला सांग, अर्धी बास.” घरात आल्यापासून अव्वाने त्यांच्याशी थेट एक शब्द काढला नव्हता, आणि त्यांनी तिच्याशी. “झिजला असंल तिचा फूटवॉल,” अज्जा म्हणाले. “दिसभर हुबी. पोटरी हलंना, पानी खाली साचायलंय.” मी धावत जाऊन हे अव्वाला सांगितलं. तिने उलथणं उगारलं. “माज्या पायाच्या गोष्टी मामांसंगं करायलीस? लाज न्हाई?” माझं ज्ञान तिथेच संपलं.

पुढे बाजाराचा दिवस आला. दुपारची भर गर्दी, चौथी पंगत बसलेली, कडकडाट टिपेला. मी पाण्याचे तांबे घेऊन चुलीजवळून गेले आणि माझा पाय ओल्यात पडला. कोमट. वाटलं वरण सांडलं. खाली बघते तर अव्वाच्या घोट्याजवळून सुतळीएवढी काळपट लाल धार उडत होती, आणि ती बाई भाकरी उलटत होती! जळणाची एक ढलपी त्या जांभळ्या कातडीला निसटती लागली होती, एवढंच. दुखलंच नव्हतं तिला. माझ्या ओरडण्याने तिने खाली पाहिलं, पीठ लागलेला हात भिंतीला टेकवला आणि म्हणाली, “आगं बाई, एवढं?”

मग एकच कल्ला. अप्पांनी तिला बाकावर बसवलं, पाय खाली लोंबता. कुणी हळद आणली, कुणी साखर, कुणी चहाची पूड. सगळं धारेबरोबर वाहून गेलं. जेवणाऱ्यांत शंकरप्पा नावाचा एक धिप्पाड शेतकरी होता. साप चावलेल्याचा पाय बांधण्यात त्याचा हातखंडा, पंचक्रोशीत नाव. तो उष्ट्या हाताने उठला, बैलाच्या कासऱ्याचा तुकडा काढला आणि गुडघ्याखाली करकचून बांधला. “आता थेंब येनार न्हाई,” म्हणाला. आमच्या भागात पायाला काहीही झालं की पहिली दोरी. सापाला दोरी, विंचवाला दोरी, कुऱ्हाड लागली तरी दोरी. वर बांधलं की खालचं थांबतं, हे आईच्या दुधाबरोबर शिकलेलं. अव्वाच्या पोटरीवरच्या शिरा अज्जांच्या हातासारख्या टरारल्या आणि धार दुप्पट झाली.

मला दिसलं ते एवढंच: दंडाला बांधलेला पटका, खालून झर्रकन भरणारी शीर. “सोडा! दोरी सोडा! वरची वाट बंद केली तुमी, खालून भरायलंय ते!” मी शंकरप्पाच्या हाताला लोंबकळले. अप्पांनी मला बाजूला भिरकावलं. “पोरी, हितं जीव जायलाय आन तुजी शाळा?” त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आज त्यांचा राग मला समजतो. तेव्हा मात्र मी भिंतीला आपटून बसले होते, अव्वाच्या तोंडाचा रंग उतरताना बघत होते आणि माझं कुणी ऐकणार नव्हतं. ती आता मरणार आणि ती का मरणार हे फक्त मला ठाऊक आहे, या भीतीसारखी दुसरी भीती मी पुढे कधी अनुभवली नाही.

तेवढ्यात अज्जा बाहेरून आत आले. बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “फूटवॉल?” एवढंच विचारलं. “व्हय अज्जा. पाय वर पायजे. छातीच्या वर.” त्यांनी शंकरप्पाच्या खांद्यावर हात ठेवला. “सोड ती दोरी.” “अज्जा, रगत जाईल की...” “जायलंयच की. सोड म्हंतो.” दोरी सुटली. अव्वाला जेवणाच्या पट्टीवर आडवी केली. पण पाय उचलायला गेलो तर तिने तो पोटाशी ओढून घेतला. अंगात त्राण नसताना पदर कपाळावर ओढला आणि मलाच म्हणाली, “मामा हायेत पुढं. त्यांच्या तोंडावर पाय करू? मेले तरी न्हाई.” आणि ती खरंच मेली असती, पण पाय वर केला नसता. मी तिची लेक आहे, मला माहीत आहे.

अज्जा तिच्या पायापाशी खाली बसले. फरशी ओली होती, त्यांचं पांढरं धोतर लाल झालं. डोक्याचा पटका काढून त्याची घडी केली. आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा ते तिच्याशी थेट बोलले. “पोरी, पाय दे.” अव्वाने पोटाशी धरलेला पाय सैल सोडला. त्यांनी तिची टाच उचलून स्वतःच्या खांद्यावर ठेवली, गळ्यातल्या चांदीच्या डबीच्या अगदी शेजारी. घडी केलेला पटका जखमेवर ठेवून अंगठा दाबला आणि मान भिंतीकडे वळवून घेतली. तिच्याकडे बघितलं नाही. धार थांबली. इतकी पटकन, की मलाच खरं वाटेना. नळ फिरवल्यासारखी नाही. आधी बारीक झाली, मग झिरपली, मग नाहीच. अज्जा तसेच भिंतीकडे बघत बसले, एक आख्खी पंगत जेवून उठेल इतका वेळ. जेवणारे हात वाळवत उभे. अव्वाचे डोळे मिटलेले होते आणि कडेने पाणी वाहत होतं. अप्पा चुलीपाशी जाऊन जळणारी भाकरी काढत होते, ते नुसतं करायला काहीतरी हवं म्हणून.

जीपमध्ये घालून तिला बिदरला नेलं, तेव्हाही पाय अज्जांच्या पिशवीवर उंच ठेवला होता. डॉक्टरांनी टाके घातले, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधायला शिकवलं, आणि सांगितलं की एका जागी उभं राहायचं नाही, चालायचं, आणि दुपारी अर्धा तास पाय उशीवर उंच ठेवून पडायचं, रोज. फूटवॉलची गोष्ट ऐकून ते हसले, पण चूक आहे असं म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी अप्पांनी पहार घेतली आणि तो लाडका ओटा फोडला. त्या जागी बसायच्या उंचीचा केला, वर लाकडी चौरंग. संध्याकाळी माझ्यासमोर चटणीची वाटी सरकवून म्हणाले, “लागलं व्हतं का गं काल, भिंतीला?” मी नाही म्हणाले. लागलं होतं.

राहिला प्रश्न दुपारच्या अर्ध्या तासाचा. सासरा घरात असताना सून बाजेवर पाय वर करून कशी पडणार? त्यावर कुणी चर्चा केली नाही. पंगती उठल्या, भांडी निघाली, की अज्जा आपणहून बाहेर जायचे, दगडावर दाराकडे पाठ करून बसायचे आणि दोनदा मोठ्याने खाकरायचे. ख्हं, ख्हं. म्हणजे मी बाहेर बसलोय, वळणार नाही. आतून बाजेची करकर यायची. अर्ध्या तासाने अव्वा भांडं मुद्दाम वाजवायची, मग अज्जा उठायचे. ऊन असो, पाऊस असो, ताप असो, यात कधी खंड पडला नाही. त्या एका दुपारनंतर ते पुन्हा कधी थेट बोलले नाहीत. मधे मी होतेच. पण खाकरणं आणि भांडं यांत मला वाव नव्हता, आणि तेच मला आवडायचं.

आता माझ्याही पोटरीवर त्या निळ्या शिरा उतरल्यात. मी घट्ट मोजे घालते, सोफ्यावर पाय टाकून बिनदिक्कत टीव्ही बघते, जावई समोर असला तरी. नातू माझ्या पायावर बोट दाबून ‘आजी, खालून भरतंय’ म्हणतो, आणि मी त्याला पुन्हा करायला सांगते.

अज्जा गेले तेव्हा मी कॉलेजात होते. आमच्या रीतीप्रमाणे पुरण्याआधी त्यांना बसवलं, डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. मी त्यावरच्या उजेडाकडे बराच वेळ पाहिलं. तो हलत नव्हता. काही दिवसांनी खानावळ पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी पंगती उठल्या, भांडी निघाली. मी आत आले तर अव्वा बाजेवर बसलेली, पाय खाली सोडून. घोटा सुजलेला. “आडवी हो की अव्वा.” “होते,” म्हणाली, पण हलेना. डोक्यावर पदर तसाच. जरा वेळाने मी पुन्हा म्हटलं, “कामून बसलीस? आता कोन हाय घरात?” ती दाराकडे बघत म्हणाली, “खाकरल्याबिगर पाय वर जायनाच बग.”

मी बाहेर गेले. दगड उन्हाने तापला होता. दाराकडे पाठ करून बसले आणि जमेल तेवढ्या मोठ्याने दोनदा खाकरले. जरा वेळ काही नाही. मग आतून बाजेची करकर ऐकू आली.